2 नाही, थेट 4 इस्पिक

ब्रिजमध्ये भिडूने 1 इस्पिक उघडलं (पहिली बोली लावली), मध्ये विरोधकांची 2 बदामची बोली आली आणि आपल्याकडे राजासह पाच इस्पिक, बदाम एकच, पॉइंट (मोठ्या पानांचे गुण) जेमतेम 5. अशा पानांवर फक्त 2 इस्पिक बोला, असं एका उत्तरात सुचवलंय, ते मला अजिबात पटत नाही. भिडूचे पाच धरून दहा हुकूम झाले, मग एका दमात 4 इस्पिक (इस्पिक हुकूम धरून दहा हात करायची बोली)! हळूहळू चढलात तर विरोधकांना आपसात बदामची जुळणी सांगायला जागा मिळते. ते व्हल्नरेबल (बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त असलेली बाजू) आणि आपण नाही, तर त्यांचे 4 बदाम पूर्ण झाले की 620 गुणांचे. त्यांनी डबल (दंड वाढवणारी बोली) दिलं आणि आपले तीन हात कमी पडले तरी जातात 500 च. चौथा गेला की मात्र 800. दोन्ही बाजू व्हल्नरेबल असतील तर दोनच हात कमी पडण्याची मुभा. आणि ते 5 बदामवर गेले तर कृपया पास करा, पुढचं भिडू ठरवेल.