वस्त्र आणि वस्ती: ‘वस्’ एक की दोन?

‘वस्त्र’ आणि ‘वस्ती’ एकाच धातूतून आले का? माणूस घरात राहतो तसाच कपड्यातही राहतो, म्हणून दोन्ही एकच, अशी फोड मी बऱ्याचदा ऐकली आहे. ऐकायला गोड आहे, पण चूक आहे, आणि ती आणखी पसरू नये असं मनापासून वाटतं.

धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘वस्’ वेगवेगळे दिले आहेत: ‘वस निवासे’ आणि ‘वस आच्छादने’. राहतो तो ‘वसति’, नेसतो तो ‘वस्ते’. राहिलेला ‘उषित’, नेसलेलं ‘वसित’. एकीकडे ‘व’चा ‘उ’ होतो, दुसरीकडे होत नाही. आपल्या वैयाकरणांचा कान किती तिखट होता बघा!

संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी यांची मूळ मानलेली भाषा म्हणजे आद्य इंडो-युरोपीय. तिच्यात नेसण्याचा धातू *वेस् असा मांडतात. (चांदणी म्हणजे कुठे लिहिलेलं सापडत नाही, तुलना करून बांधलेलं रूप.) त्यातून आपलं वस्त्र, वसन, गीतेतलं ‘वासांसि जीर्णानि’; लॅटिनचं ‘वेस्टिस’, त्यावरून इंग्रजीत आलेलं ‘व्हेस्ट’ (बंडी); इंग्रजीचं ‘वेअर’सुद्धा.

राहण्याच्या धातूला मात्र सुरुवातीला घशातला एक वर्ण होता, साधारण *ह्वेस्. संस्कृतात तो गळाला आणि दोन्ही धातू सारखे दिसू लागले. हित्ती भाषेत तो टिकला. तुर्कस्तानात बोआझकोयला सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरची ही प्राचीन भाषा चेक अभ्यासक ह्रोझ्नी यांनी १९१५ साली उलगडली. तिच्यात जगण्याला ‘हुइस्-’ आहे आणि नेसण्याला ‘वेस्-’, म्हणजे ‘ह’ एकातच. इतका नेमका पुरावा क्वचित हाती लागतो.

कातणे आणि कातरणे यांचंही असंच आहे. सूत कातायचा ‘कृत्’ वेगळा, कापड कातरायचा वेगळा.

पण मला सगळ्यात आवडतं ते *ह्वेस्‌चं मूळचं अर्थवलय: नुसतं राहणं नाही, रात्र काढणं. होमरच्या ग्रीकमध्ये या धातूचं रूप ‘रात्र’ या शब्दासोबतच येतं. आणि आपल्याकडे? संध्याकाळची शेवटची एसटी गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात, पहाटे तीच गाडी तालुक्याला परत निघते. तिला गावात सगळे ‘वस्तीची गाडी’च म्हणतात.