विषय: साताऱ्यात सेकंडहँड टूरिंग बाइक घ्यायचीय, मागे बाबा बसणार

मंडळी, नमस्कार.

डिसेंबरात सहा आठवड्यांसाठी साताऱ्याला जातेय. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, सातारा आगारात एकतीस वर्षं. बामणोली, मेढा, पाटण, कोयनानगर, सगळ्या रूटवर त्यांनी गाडी नेलीय. आता गुडघ्यांमुळे स्वतः चालवत नाहीत. त्यांना मागे बसवून ते रस्ते एकदा फिरायचेत, म्हणून जुनी टूरिंग बाइक घेऊन घरीच ठेवायचा विचार आहे. हिमालयन ४११, केटीएम ३९० ॲडव्हेंचर आणि डोमिनार ४०० अशा तीन डोक्यात आहेत. इथून गार्मिन झूमो, म्हणजे बाइकवरचा जीपीएस, न्यावा का? वॉकीटॉकीची जोडी आणि सॅटेलाइट मेसेंजर घरात आहेच, तेही नेते. एकमेकांशी बोलायला हेल्मेटमधला इंटरकॉम कुठला घ्यावा ते मात्र सांगा. बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं.

– करंजे पेठेतली, सध्या एडिसन, अमेरिका

*

ताई, नमस्कार.

मी दर हिवाळ्यात गोडोलीला जातो आणि महिनाभर बाइकवरच असतो, म्हणून सविस्तर लिहितो. आधी बाबांचं बघू, गाडी मग.

गुडघे दुखणाऱ्या माणसाला मागे बसवायचं तर ३९० ॲडव्हेंचर यादीतून काढाच. तिच्या जुन्या नेहमीच्या मॉडेलची सीट ८५५ मिलिमीटर, मागची त्याहून उंच आणि अरुंद. हिमालयन आणि डोमिनार दोन्हींची सीट ८०० आहे. डोमिनार हायवेला झकास, टायर ट्यूबलेस. पण कास सोडून बामणोलीकडे उतरताना रस्ता जसा लागतो, तिथे हिमालयनचं पुढचं २१ इंची चाक खड्डे निभावून नेतं. इंजिन साधारण २४ बीएचपीचं, फार पळत नाही, पण बाबांना घेऊन तुम्हाला पळायचं नाहीच. मी बीएस-६ हिमालयन घेईन, म्हणजे २०२० पासूनची. तिची खोट म्हणजे स्पोकची चाकं आणि ट्यूबचे टायर. २१ इंची ट्यूब गावातल्या प्रत्येक पंक्चरवाल्याकडे मिळेलच असं नाही, तेव्हा पुढची-मागची एकेक ट्यूब बॅगेत ठेवा.

सौद्याच्या आधी बाबांना गाडीवर प्रत्यक्ष बसवा. ओट्याला लावून चढता येतंय का बघा. टॉप बॉक्स असेल तर पाठ टेकायला बरं, पण पाय वरून टाकणं त्यांना जड जाईल.

विकणाऱ्याला सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिलं काम इंजिनला हात लावायचं. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. गार इंजिन स्टार्ट होताना जे ऐकू येतं ते नंतर येत नाही. मग मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल अगदी सावकाश या टोकापासून त्या टोकाला फिरवा. मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. स्पोकवर पान्याने टिचकी मारत जा, सगळे जवळजवळ एका सुरात वाजले पाहिजेत. बद्द वाजतो तो ढिला. शॉकअपच्या रॉडवर तेलाचं कडं दिसलं तर ऑइल सील आलं खर्चाला. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी जुना कडक झालेला टायर यवतेश्वरच्या घाटात मागे माणूस घेऊन मला नको वाटतो. तेवढे पैसे भावातून कमी करून घ्या आणि नवे टाका.

कागदांचं थोडक्यात. चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. ई-चलन थकलंय का ते ऑनलाइन दिसतं. परराज्यातली गाडी स्वस्त वाटली तरी सोडा. फॉर्म २८ (मूळ आरटीओचं एनओसी) आणि नव्याने रोड टॅक्स यातच तुमचे सहा आठवडे जातील.

विम्याचं मात्र नीट वाचा. गाडी बाबांच्या नावावर करणं सोपं वाटेल, पण पॉलिसीतलं १५ लाखांचं अपघात संरक्षण मालक-चालकाला असतं. मालक बाबा आणि चालवणार तुम्ही, म्हणजे ते तुम्हाला लागू नाही. तुमचा वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढा आणि मागे बसणाऱ्यासाठीचं कव्हर मागून घ्या. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत बाबांना भरपाई मिळेल असं धरून चालू नका. आरसी ट्रान्सफर झाल्यापासून १४ दिवसांत विमाही नावावर करून घ्यायचा. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिटवर चालवणार असाल तर त्यावर मोटरसायकलच्या वर्गाचा शिक्का आहे ना ते आत्ताच बघा.

झूमो चांगलं यंत्र आहे, पावसात आणि ग्लोव्ह्जनी चालतं. पण सहा आठवड्यांसाठी मी ते नेणार नाही. एखादा जुना फोन घ्या, साताऱ्याचा नि आसपासच्या जिल्ह्यांचा ऑफलाइन नकाशा त्यात उतरवून ठेवा, कारण कोयनेच्या बॅकवॉटरकडे रेंज कुठे सुटेल याचा भरवसा नाही. रोजचा चांगला फोन हँडलला अजिबात लावू नका. मोठ्या इंजिनाच्या कंपनाने कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय. चार्जिंगची वायर फ्यूज टाकून आणि किल्लीवर चालू-बंद होईल अशी जोडून घ्या, नाहीतर बॅटरी उतरते.

आणि वाचलेले पैसे इंटरकॉममध्ये घाला. दोघांनाच बोलायचं तर मेश नको, साधी ब्लूटूथ जोडी पुरे. मेशचा उपयोग चार-सहा गाड्या एकत्र असतात तेव्हा. ब्रँडपेक्षा स्पीकर कुठे बसतो ते महत्त्वाचं, तो कानाच्या भोकासमोर पाहिजे, बोटभर खाली गेला तरी आवाज निम्मा होतो. हेल्मेट आयएसआयचंच, बाबांना पुढून वर उघडणारं घ्या, चष्मा काढावा लागत नाही. त्याला दांडीचा माइक लागतो. बंद हेल्मेटला वायरवरचा बटणासारखा चालतो. एकतीस वर्षं त्या रस्त्यांवर स्टिअरिंग धरलेला माणूस तुमच्या मागे बसणार आहे. त्यांचा आवाज तुम्हाला स्पष्ट ऐकू आला पाहिजे, बाकी सगळं त्याच्या नंतर.

– गोडोलीचा, सध्या टोरांटो

*

पोरी, वरचं पत्र उत्तम आहे, पण एक गोष्ट राहिली आणि ती फार गंभीर आहे. मी मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होतो, म्हणून कळकळीने सांगतो. तो सॅटेलाइट मेसेंजर भारतात नेऊ नकोस. सॅटेलाइट फोन आणि तसली यंत्रं परवानगीशिवाय तिथे बेकायदा आहेत. विमानतळावर बॅगेत सापडली म्हणून परदेशी प्रवाशांना अटक झालेली आहे. ‘मी फक्त घाटात फिरायला आणलं’ हे कुणी ऐकून घेत नाही. अमेरिकेतले वॉकीटॉकीही घरीच ठेव. ते ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात, तिथे ती फ्रिक्वेन्सी परवान्याशिवाय वापरता येत नाही. ब्लूटूथ इंटरकॉमला अडचण नाही. तो आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेव. अडीअडचणीला ११२ पाठ असू दे.

*

मंडळी,

साताऱ्याहून लिहितेय. काका, मेसेंजर आणि वॉकीटॉकी दोन्ही एडिसनलाच ठेवून आले. तुम्ही लिहिलं नसतं तर सरळ बॅगेत टाकले असते.

दादा, चार गाड्या बघितल्या. पहिलीचं इंजिन सकाळी सातलाच गरम होतं. मालक म्हणाले, आत्ताच दूध आणायला गेलो होतो. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तेव्हाही गरमच. तिसरीचा कोनसेट गेलेला. चौथी घेतली, २०२१ ची हिमालयन, एमएच-११ च, एकच मालक. स्पोक बाबांनी स्वतः वाजवून बघितले, दोन ढिले निघाले. टायर दोन्ही नवे टाकले. गाडी माझ्या नावावर केली, विमाही.

पहिल्या दिवशी यवतेश्वरमार्गे कासला निघालो आणि बाबा काही बोलेनातच. मला वाटलं, रागावले. गाडी थांबवली तर म्हणाले, तूच बोलंनास म्हणून गप बसलो. स्पीकर कानाच्या खाली सरकला होता. पवई नाक्याजवळच्या सीटकव्हरवाल्याने फोमचा तुकडा कापून मागे लावून दिला, आणि उजव्या बाजूचा स्पीकर कानाच्या आणखी जवळ घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघालो तर बामणोली येईपर्यंत ते थांबले नाहीत. या वळणावर पावसाळ्यात दरड येते, इथे वस्तीची गाडी मुक्कामाला असायची, या फाट्यावर एक म्हातारी रोज हात करायची आणि चढायची मात्र बाजाराच्याच दिवशी. फोनची रेंज कास ओलांडल्यावर गेली ती मला संध्याकाळी समजली.

एक गोष्ट तुमच्यापैकी कुणी लिहिली नव्हती, ती इथे फिरायला येणाऱ्यांसाठी लिहिते. सध्या कारखान्यांचा सीझन आहे. परवा कोयनानगरहून परत येताना उंब्रजच्या अलीकडे अंधार पडला. समोरून दिवे येत होते, माझ्या बाजूला रस्ता मोकळा दिसत होता. कानात बाबा म्हणाले, “हळू घे. म्होरं उसाची ट्रॉली हाय.” मला काहीच दिसत नव्हतं. मी गिअर उतरवला आणि वीसेक पावलांवर ती दिसली. दोन ट्रॉल्या, मागे एकही दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, उसाची वाढी दोन्ही बाजूंनी लोंबलेली. नंतर विचारलं, कसं कळलं? तर म्हणाले, समोरच्या गाडीचा उजेड मधेच कापला गेला. शिवाय रस्त्यावर पाचट सांडलं होतं, ते ताजं होतं. तेव्हापासून अंधार पडायच्या आत घरी यायचं ठरवलंय, आणि नोव्हेंबर ते मार्चमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन.

गुडघ्यांचं ठीक आहे. तासाभराने उतरायचं, चहा घ्यायचा. चढायला घरी ओटा आहे, बाहेर ते बसथांब्याचा कट्टा शोधतात.

आता पुसेगाव आणि ठोसेघर राहिलंय. दोन्ही हेल्मेटं इंटरकॉमसकट इथेच ठेवून येणार आहे. बाबांचा स्पीकर बरोबर बसलाय, तो आता हलवायचा नाही. महिन्यातून एकदा दोन्ही चार्ज करायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय, कॅलेंडरवर खूण करून.

– करंजे पेठ