तुसाचा हिशेब

वर कुणीतरी लिहिलंय, 'पर्यावरण म्हणजे मोठ्या कंपन्यांची चैन, धंद्याला नुसता खड्डा.' गोंदिया-भंडाऱ्याकडच्या उसना (म्हणजे धान उकडून काढलेल्या) तांदळाच्या राईस मिल बघा की. 100 किलो धानामागे साधारण 20 किलो तूस निघतं, तेच बॉयलरमध्ये जातं आणि कोळशाचा खर्च वाचतो. (पृथ्वी वाचवायला कोणी करत नाही हे, ते सोडा.) पण त्याच तुसाची राख उघडी टाकली की वाऱ्यावर उडते, शेजारच्या वाळवणावर काळा थर बसतो, गावाशी वाकडं येतं. तो तोटा ताळेबंदात कुठे लिहिणार?

आणि पर्यावरण जपणाऱ्या कंपन्या जास्त कमावतात असं कुणी म्हटलं, तर विचारा: चांगल्या बॉयलरमुळे नफा वाढला, की नफा होता म्हणून चांगला बॉयलर घेता आला? अशा कंपन्यांच्या नफ्याचे आकडे तोंडावर फेकण्याआधी एवढं तपासा.