कॉन्टेसा ३२ की सेंटॉर? राहायचं, फिरायचं आणि शर्यतीतही उतरायचंय

मेढेकर (जावळी)
धाकटा भाऊ इंग्लंडात साउदम्पटनला नोकरीला आहे. घरभाड्याला वैतागलाय आणि आता जुनी शिडाची होडी घेऊन तिच्यातच राहायचं म्हणतोय. सुट्टीत इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्स गाठायचा, शनिवारी क्लबाच्या शर्यतीत उतरायचं, आणि हे सगळं एकाच होडीत. दोन बघून ठेवल्यात, दोन्ही सत्तरच्या दशकातल्या. कॉन्टेसा ३२ : बत्तीस फुटी, एकच खोल कील (तळाखालचं जड पातं), पाण्याखाली १.६८ मीटर. वेस्टर्ली सेंटॉर : सव्वीस फुटी, दोन बुटक्या कील, पाण्याखाली जेमतेम ०.९ मीटर.

माझं मत सेंटॉर. तिथं भाडं होडीच्या लांबीवर लागतं, म्हणजे सहा फूट कमी ते दर महिन्याला कमी. ओहोटीला ती दोन पायांवर चिखलात सरळ उभी राहते, त्यामुळं चिचेस्टरसारख्या कोरड्या पडणाऱ्या खाडीत स्वस्तात जागा मिळते. तळाला रंग मारायचा तर क्रेन नको, दोन भरत्यांच्या मध्ये उरकतं. साताऱ्याच्या शाहू महाराजांनी १७१३ मध्ये ज्यांची सरखेली (आरमाराचं प्रमुखपद) कायम केली त्या कान्होजी आंग्र्यांची गलबतंसुद्धा उथळ तळाचीच होती. इंग्रजांची मोठी जहाजं बाहेर ताटकळायची आणि ही खाडीत शिरायची.

कृष्णाकाठ (सांगली)
आंग्र्यांना मध्ये आणलंत म्हणून बोलतो. गलबतांना वल्ही पण होती हो! वारा पडला की मारा वल्ही. आमच्या कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीतही तेच, दंडात जोर असेल तर निघता येतं. भाऊ सेंटॉर वल्हवणार आहे का?

शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, नागमोडी चढत जाते. चढताना तिला बाजूला घसरू न देणं हे कीलचं काम, आणि बुटक्या कील ते अर्धवट करतात. साउदम्पटनहून पश्चिमेला बाहेर पडताना हर्स्टच्या अरुंद तोंडाशी भरती-ओहोटीची ओढ चार नॉटच्या (ताशी सात-साडेसात किलोमीटर) वर जाते. समोरून वारा आणि समोरून पाणी असलं की सेंटॉरची शिडं भरलेली, पण किनाऱ्यावरचं झाड तिथल्या तिथंच. कॉन्टेसा अशा वेळी पुढं सरकते. काउज वीक म्हणजे तिथल्या दरवर्षीच्या मोठ्या शर्यती, त्यात तिचा स्वतःचा वर्ग असतो, सगळ्या सारख्या होड्या. जो आधी पोचला तो जिंकला.

मेढेकर
क्लबात हँडिकॅप लावतात की. मंद होडीचा वेळ गुणून कमी धरतात.

कृष्णाकाठ
धरतात. पण तो गुणक होडीच्या वेगाचा असतो, ओहोटीचा नाही. वेगवान होडी पाणी फिरायच्या आत टोक ओलांडून जाते, मागची तिथंच नांगर टाकून बसते. तो तोटा कुठल्या गुणकात बसवणार?

वाईची
तुम्ही दोघं शर्यतीवरच अडलाय. त्या पोरानं डाळभात कुठं शिजवायचा ते बोला. इंग्लंडच्या थंडीत आत शेगडी पेटली की भिंतींना पाणी सुटतं, गाद्या ओल्या. मरीनात, म्हणजे होड्या लावायच्या धक्क्यावर, बारमाही राहायला देतात का हे आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी देत नाहीत. आणि मेढेकर, तुमची ती स्वस्त चिखलातली जागा ठीक, पण सकाळी आठला ओहोटी असेल तर हा ऑफिसला कसा जाणार? गुडघाभर चिखल तुडवत?

मेढेकर
चिखलाचा मुद्दा मान्य. तरी लांबच्या प्रवासाला वेगच लागतो हे मला पटत नाही. मुंबईत बांधलेली सागवानी बत्तीस फुटी 'सुहेली' बघा. १९६८-६९ च्या गोल्डन ग्लोबमध्ये, म्हणजे एकट्यानं न थांबता जगाला फेरी मारायच्या शर्यतीत, नऊ जण निघाले आणि ही हळू चालणारी होडीच एकटी पुरी करून आली.

कृष्णाकाठ
वा! सुहेली खोल, जड, लांब कीलची होडी. हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे, राव. अभिलाष टॉमीनं २०२३ मध्ये त्याच नावाच्या शर्यतीत दुसरा नंबर काढला तो रस्टलर ३६ वर, तीही लांब कीलचीच. दोन कीलवर कोण गेलं होतं?

आणि ऑगस्ट १९७९ ची फास्टनेट, इंग्लंडातली लांब पल्ल्याची समुद्री शर्यत. वादळात १५ खलाशी गेले. सर्वांत लहान होड्यांच्या गटातली एकच होडी शर्यत पुरी करून आली, 'असेंट' नावाची कॉन्टेसा ३२. ही होडी १५० अंशांच्या पुढं कलली तरी परत उभी राहते. राहायच्या जागेचं म्हणाल, तर कॉन्टेसा रुंदीला २.९ मीटर, सेंटॉर २.५७. बाकीच्या बत्तीस फुटींच्या मानानं ती अरुंद म्हणतात, सव्वीस फुटीपेक्षा नव्हे. डेक पाण्याला टेकलेला, लाटा अंगावर येतात, ते खरं. रेनकोट घ्यायचा.

मिरजवाले इंजिनिअर
मर्चंट जहाजांच्या इंजिन रूममध्ये नोकरीची वर्षं गेली माझी, शिडाच्या होड्यांवर नाही. पण पन्नाशीच्या आसपासच्या होडीत मॉडेलपेक्षा नग बघावा. सेंटॉरच्या कील जिथं तळाला भेटतात तिथला भाग हलतो ही तिची जुनी खोड, बऱ्याच होड्यांना तिथं आतून जोर दिलाय. ह्या होडीला दिलाय का, ते बोल्ट बघून आणि बिलं मागून कळेल. चिखलात रोज उभी राहणारी होडी असेल तर आधी तेच बघा. दोन्हींच्या फायबरग्लासला पाण्याखाली फोड आलेत का, डोलकाठीच्या तारा कधी बदलल्या, तळातले व्हॉल्व्ह झिजलेत का. तारा जुन्या असतील तर विमा कंपनी अडवते. इंजिन मूळचंच असेल तर नवं बसवायचा खर्च सेंटॉरच्या किमतीच्या वर जाऊ शकतो, त्याची तयारी ठेवा.

होडी बाहेर काढून स्वतंत्र सर्व्हेअरकडून तपासून घ्या. विकणाऱ्यानं सुचवलेला नको.

मेढेकर
साहेब, सर्व्हे दोन्हींचा करावा की एकीचा? पोराकडं पैसे मोजकेच आहेत.

मिरजवाले इंजिनिअर
जी घ्यायची तिचाच. आधी कामाच्या जागेपासून सायकलच्या टप्प्यात राहायची परवानगी असलेली जागा आहे का ते बघू दे. तिथं ओहोटीला दोन मीटर पाणी उरत असेल तर कॉन्टेसा. नसेल तर सेंटॉर, दुसरा इलाजच नाही.

कृष्णाकाठ
उरत नसेल तर जागा बदला. होडी नको.

वाईची
आणि नोकरी?