मोनिका झेटरलुंड : स्वीडिशमध्ये गायली आणि जॅझ सुटला?

मध्यलय (धागाकर्ता)
स्कँडिनेव्हियन जॅझ गायिकांबद्दल काहीही वाचायला घ्या, तिसऱ्या ओळीत 'अनेक शैलींचा सुरेख संगम' येतोच. त्यातून कळत काहीच नाही. म्हणून एकच बाई घेतो : मोनिका झेटरलुंड (१९३७–२००५).

स्वीडनच्या वार्मलँड प्रांतातलं हागफोर्स हे लोखंडाच्या कारखान्याचं गाव. तिथली ही मुलगी १९५०च्या दशकाच्या शेवटी आर्ने डोम्नेरुसच्या ऑर्केस्ट्राबरोबर इंग्रजी जॅझ गाणी गात होती. चांगलं गायची, पण तसं गाणाऱ्या तेव्हा युरोपभर होत्या. १९६०मध्ये न्यूयॉर्कला रेकॉर्डिंगही झालं. ते कित्येक वर्षं पडून राहिलं. मग बेप्पे वोल्गेर्स या कवीने १९३०च्या एका अमेरिकन गाण्याच्या चालीवर स्वीडिश शब्द बसवले. मूळ गाण्यात एक जण प्रेयसीला घरी सोडायला निघालाय. वोल्गेर्सने त्याचा थेट स्टॉकहोममधला फेरफटका केला. 'साक्ता वी गो येनोम स्तान'. माझ्या मते ती जॅझ गायिका झाली ती इथे. त्याआधीची सगळी उमेदवारी.

नाठाळ
साफ असहमत. १९५८ची तिची इंग्रजी तबकडी ऐकून मग 'उमेदवारी' म्हणा. स्वरावर किती सहज उतरते, तालाच्या किंचित मागे राहून कशी गाते! हे सगळं स्वीडिश शब्द यायच्या आधीचं आहे.

मायबोलीत गायलं की अस्सल आणि परभाषेत गायलं की नक्कल, हा हिशेब ऐकायला गोड वाटतो, बाकी त्यात दम नाही. मला तर उलटंच दिसतं. स्वीडिश शब्दांनी ती घराघरांत पोचली आणि जॅझ मागे पडला. हास्से आणि तागे या जोडीचे विनोदी रंगमंचीय कार्यक्रम, सिनेमे, टीव्ही. १९६३मध्ये युरोव्हिजन या देशोदेशींच्या गाण्यांच्या स्पर्धेला लंडनला गेली, स्टॉकहोमवरचंच गाणं घेऊन, आणि शून्य गुण घेऊन परतली.

शेजारचा खर्ज
त्या शून्याचं भांडवल करू नका राव. त्या वर्षी नेदरलँड्स, नॉर्वे, फिनलँड आणि स्वीडन अशा चार देशांना भोपळा मिळाला होता. आणि जिंकलं कोण? डेन्मार्कचं जोडपं, ग्रेथे आणि यॉर्गेन इंगमान. त्यातले यॉर्गेनराव जॅझ गिटारवादक! तेव्हा परीक्षकांना जॅझचं वावडं होतं असंही म्हणता येत नाही.

उत्तरध्रुवी
गोथेनबर्गात राहते, म्हणून दोन शब्द. इथे पन्नाशी-साठीच्या माणसांना तिची रंगमंचावरची गाणी तोंडपाठ असतात. 'उत्वांद्रार्ना' (१९७१) या यान त्रोएलच्या चित्रपटातली तिची उल्रिका आठवते. अमेरिकन जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सबरोबरची तबकडी मात्र ऐकणारेच ऐकतात. म्हणजे लोकांच्या आठवणीपुरतं नाठाळ यांचं खरं. पण लोकांना काय आठवतं यावरून संगीत कसं होतं ते कसं ठरवणार?

गवळणकाठ
एव्हान्सचं नाव यायला इतका वेळ का लागला? वादाचं सगळं सामान त्याच तबकडीत आहे.

ऑगस्ट १९६४, स्टॉकहोम. पियानोवर एव्हान्स, बासवर चक इस्राएल्स, ड्रम्सवर लॅरी बंकर. 'वॉल्ट्झ फॉर डेबी' ही एव्हान्सने आपल्या पुतणीसाठी केलेली रचना इथे वोल्गेर्सच्या शब्दांनी 'मोनिकास वाल्स' होते. शेजारीच अमेरिकन गाणी इंग्रजीत आणि 'याग वेत एन दैली रोसा'सारखं जुनं स्वीडिश लोकगीत. एव्हान्स लोकगीताला लोकगीत म्हणून कुरवाळत बसत नाही आणि मोनिकाही त्यात गावरान ठसका आणत नाही. दोन्ही भाषांत आवाज तोच, तितकाच कोरडा, भावनेत न बुडणारा. भावगीतांवर पोसलेल्या आपल्या कानांना तो आधी रुक्ष वाटतो. मला तरी वाटला.

आणि हा 'संगम' तिने सुरू केलेला नाही. १९५१मध्ये अमेरिकन जॅझवादक स्टॅन गेट्झ स्टॉकहोमला आला आणि त्याने 'आक वार्मेलांद दू शोना' हे लोकगीत सॅक्सोफोनवर वाजवलं; पियानोवर स्वीडनचाच बेंग्ट हॉलबेर्ग होता. पुढे अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनेही ते घेतलं. गाणं कुठलं, तर मोनिकाच्याच वार्मलँडचं! १९६४मध्येच स्वीडिश पियानोवादक यान योहानसनची 'जॅझ पो स्वेन्स्का' (म्हणजे 'स्वीडिशमध्ये जॅझ') ही तबकडी आली, त्यात लोकगीतं केवळ पियानो आणि बासवर. त्याला कुणी विचारत नाही, बाबा रे, हा जॅझ का? वाद्याला भाषा नसते म्हणून तो सुटला, गाणारी बाई सापडली.

मध्यलय
गवळणकाठ, +१. शेवटचं वाक्य ढापतो आहे.

नाठाळ, २०१३च्या तिच्यावरच्या चित्रपटात अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झगेराल्ड तिला सुनावते, की जे तू जगली नाहीस ते गाऊ नकोस. पाहिला आहे का?

नाठाळ
पाहिला. मोनिका झालेली एड्डा मागनासोन गायली झकास. पण चरित्रपटातल्या संवादावर तुम्ही सिद्धांत उभा करणार? सिनेमाला कलाटणी लागते, करिअरला लागत नाही.

माझा मुद्दा अजून कुणी खोडलेला नाही. १९७२मध्ये तिने अमेरिकन पियानोवादक स्टीव्ह कूनच्या रचना गायल्या. १९७७मध्ये थॅड जोन्स–मेल लुईस ऑर्केस्ट्राबरोबर तबकडी केली. दोन्ही वेळा भाषा कोणती? इंग्रजी. जॅझचं अवघड काम हाती घेताना बाई स्वतः कुठे वळली ते बघा.

गवळणकाठ
रचनाकार अमेरिकन, ऑर्केस्ट्रा अमेरिकन, मग ती काय त्यांना स्वीडिश शिकवत बसणार होती? आणि 'जॅझ सुटला' म्हणणारे तुम्हीच आता १९७७पर्यंतचा जॅझ काढून दाखवताय.

नाठाळ
स्वीडिशमध्ये सुटला, इंग्रजीत टिकला. दोन्ही वाक्यं एकत्र नांदू शकतात.

उत्तरध्रुवी
तिने गायलेलं ओले आडोल्फसोनचं 'त्रुब्बेल' हे स्वीडिश गाणं ऐका आणि मग बोला. शब्द कळत नसले तरी ती ओळ कुठे तोडते ते कळतं. चालीनुसार जिथे थांबायला हवं तिथे थांबत नाही, सहज बोलताना माणूस जिथे अडखळेल तिथे थांबते. हे तिला इंग्रजीत इतकं कधी साधलं असं मला वाटत नाही. जन्मभाषेत कान वेगळा चालतो, त्याला भाबडेपणा म्हणायचं असेल तर म्हणा.

नाठाळ
ऐकलं. गाणं उत्तम आहे. त्याला जॅझ म्हणायला मी तयार नाही.

नवशिका_कान
मी यातलं काहीच ऐकलेलं नाही. सुरुवात कशाने करू?

नाठाळ
१९६४ची एव्हान्सबरोबरची तबकडी. स्वीडिश गाणी गाळून.

मध्यलय
तीच तबकडी. फक्त स्वीडिश गाणी.