जागा एकाच झाडाची: मोगरा लावू की अनंत?

धायरीवाली:
नमस्कार. आमचं घर पुण्यात धायरीला, तळमजल्यावर. बाल्कनीपुढची 6 फूट बाय 3 फुटांची पट्टी सोसायटीने मला झाडं लावायला दिली आहे. सकाळी सातपासून साडेअकरापर्यंत ऊन, मग समोरच्या इमारतीची सावली. माती काळी, पावसात चपलेला चिकटते. बागेच्या नळाला बोअरचं पाणी येतं.

माझं माहेर संगमेश्वरजवळ. तिथे मागच्या दाराशी अनंत आहे, पडवीच्या कौलांना टेकलेला. पावसाच्या तोंडावर आई पितळी ताटलीत पाणी घालून चार फुलं देवापुढे ठेवायची आणि वास थेट माजघरापर्यंत यायचा. त्या झाडाला कुणी खत घातलेलं मला आठवत नाही. सासूबाईंना मोगरा हवा आहे, पूजेला आणि केसांत माळायला. पट्टीत एकच झाड ऐसपैस वाढेल. गेल्या वर्षी मी नर्सरीतून अनंत आणला होता. आणला तेव्हा 7 कळ्या होत्या, त्या आठवड्याभरात गळल्या. मग पानं पिवळी होत गेली आणि दिवाळीपर्यंत झाड संपलं. माझं काय चुकलं? पुन्हा अनंत लावावा, की मोगराच बरा?

गच्चीवरचा:
सरळ मोगरा लावा. पुण्यात तो डोळे मिटून येतो. अनंतच लावायचा असेल तर खताला कमी पडू देऊ नका, पानं पिवळी पडली म्हणजे झाड उपाशी आहे. महिन्याला मूठभर हाडांची पूड घाला.

मोगराकाकू:
हाडांची पूड मात्र घालू नका. गच्चीवरचा यांनी चांगल्या मनाने सांगितलंय, मीही वर्षानुवर्षं तेच करत होते, म्हणून सविस्तर लिहिते.

पौड रस्त्यावर आमच्या घरापुढे 1996 च्या पावसाळ्यात मी दोन्ही झाडं लावली, मध्ये चार फुटांचं अंतर ठेवून. मोगरा तिसऱ्या उन्हाळ्यापासून ओंजळीने फुलं द्यायला लागला. अनंत सहा वर्षं गुडघ्याएवढाच राहिला. कोवळी पानं लिंबासारखी पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मी त्याला शेणखत घातलं, हाडांची पूड घातली, अंड्यांची टरफलं कुटून घातली, ओळखीच्यांकडून चुलीची राख मागवून घातली. दर वेळी तो आणखी पिवळा पडायचा आणि मला रात्री झोपताना त्याची काळजी वाटायची.

कारण कळलं ते माझ्या भावामुळे. तो दौंडकडे ऊस करतो. अंगणात आला, एक पान हातात धरलं आणि म्हणाला, "ताई, याला केवडा पडलाय." उसाचं पान असं पिवळं पडलं की तिकडे केवडा पडला म्हणतात. जमिनीत चुनखडी जास्त असली की मातीत लोह असूनही ते मुळांना उचलता येत नाही. मी घातलेली हाडांची पूड, टरफलं, राख म्हणजे चुन्यात आणखी चुना.

अनंताला आंबट माती लागते, सामू (म्हणजे पीएच, आकडा जितका कमी तितकी माती आंबट) 5 ते 6 च्या मधला. आपल्या काळ्या मातीचा सामू बऱ्याच ठिकाणी 8 च्या आसपास असतो. तुमच्या माहेरी जांभ्याची जमीन आणि 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, चुना केव्हाच धुऊन गेलेला. आपल्याकडे पाऊस 700 च्या जवळपास. त्यामुळे तिथला अनंत खताशिवाय कौलांपर्यंत जातो आणि इथे खत घालूनही हटून बसतो.

त्यात तुमचं बोअरचं पाणी. बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल तर तोच थर तुम्ही रोज मुळाशी ओतताय. माती कितीही चांगली आणली तरी हे पाणी वर्षा-दोन वर्षांत ती बिघडवतं. माझ्या मते तुमचं झाड गेलं ते मुख्यतः पाण्याने. कळ्या गळल्या त्याचं कारण वेगळं: कळ्या धरलेल्या अनंताची जागा बदललेली त्याला खपत नाही. नर्सरीच्या हिरव्या जाळीखालून एकदम उन्हात आला की तो पहिल्यांदा कळ्या टाकतो.

आता ऊन. तुमच्याकडे साडेचार तास आहे. अनंताला हे फार मानवेल, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली त्याला हवीच असते. मोगऱ्याला सहा तास मिळाले तर बहर भरघोस येतो, साडेचारात फुलं येतील पण कमी. म्हणजे ऊन अनंताच्या बाजूने आणि पाणी-माती मोगऱ्याच्या. मोगऱ्यालाही चुनखडीचा थोडा त्रास होतो, पण तो सोसतो.

एक करून पाहा. पट्टीतली वीतभर खोलीवरची माती वाळवून वाटीत घ्या आणि वर पांढरं व्हिनेगर ओता. बुडबुडे येऊन फसफसली तर चुना भरपूर आहे, त्या मातीत अनंत लावू नका.

बावधनकर:
काकूंचं बरोबर आहे, पण अनंत पुण्यात जमिनीत येतच नाही असं कुणी समजू नये. आमच्याकडे टेकडीच्या उतारावर तांबडी मुरमाड माती आहे आणि झाडांना महापालिकेचं पाणी. माझा अनंत अकरा वर्षं जमिनीत आहे, छातीएवढा झालाय. उन्हाळ्यात थोडा फिका पडतो, दोन मोठे पाऊस झाले की आपोआप हिरवा होतो. हिराकस (लोहाचं खत) घालून पाहिला होता, पंधरा दिवस फरक दिसला, नंतर जैसे थे.

मोगराकाकू:
बावधनकर, दोन पावसांनी हिरवा होतो हे तुमचं निरीक्षण मोलाचं आहे, पावसाच्या पाण्यात चुना नसतो ना! आणि हिराकस चुन्याच्या मातीत थोड्याच दिवसांत गंजून निकामी होतो. त्याऐवजी चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधून ठेवलेलं लोह, मिळतं, त्यातलं ईडीडीएचए नावाचं घ्यावं, पाण्यात टाकलं की गडद लाल रंग येतो. ते अशा मातीतही टिकतं. महाग आहे, पण कुंडीला चिमूटभर पुरतं.

धायरीवाली:
काकू, व्हिनेगर ओतलं. सोड्यासारखी फसफसली, सासूबाईसुद्धा बघायला आल्या. बादलीला पांढरा थर आहेच, गीझरची कॉइल दोनदा बदलून झाली. म्हणजे जमिनीत मोगराच. पण खरं सांगते, अनंत सोडवत नाही. आई गेल्या वर्षी गेली. आता माहेरी त्या झाडाची फुलं काढायलाही कुणी नसतं.

मोगराकाकू:
मग सोडू नकोस. (तू म्हटलं तर चालेल ना? मी 68 वर्षांची आहे.)

मोगरा पट्टीत लाव, जिथे ऊन सर्वांत उशिरापर्यंत टिकतं त्या टोकाला. अनंत बाल्कनीत, 16 इंची कुंडीत. माझा सहा वर्षं पिवळा राहिलेला अनंत मी 2002 च्या जुलैमध्ये काढून अर्ध्या पिंपात हलवला. दुसऱ्या पावसाळ्यात पानं इतकी काळपट हिरवी झाली की शेजारणीला वाटलं नवीन झाड आणलं.

माती माहेरूनच आण. गणपतीला जाशील तेव्हा एक पोतं जांभ्याची तांबडी माती, निम्मी ती, निम्म्यात पालापाचोळ्याचं कुजलेलं खत आणि कोकोपीट. पुण्यात मिळणारी लाल माती घेतलीस तर आधी तिच्यावरही व्हिनेगर ओतून बघ. पाणी स्वयंपाकघरातल्या महापालिकेच्या नळाचं, एक-दीड तांब्या. एसीच्या नळीखाली बादली लावलीस तर ते पाणी त्याच्यासाठी उत्तम. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी मात्र अजिबात नको, त्यात क्षार आणखी दाट होऊन आलेले असतात.

छाटणीची गल्लत करू नकोस, मी एकदा केली आणि वर्षाची फुलं घालवली. मोगऱ्याला फुलं नव्या फुटीवर येतात. डिसेंबरअखेर आठ-दहा दिवस पाणी तोडायचं, पानं ओरबाडायची, गुडघ्याएवढा छाटायचा, मग शेणखत देऊन पाणी सुरू करायचं. मार्चपासून बहर येतो आणि प्रत्येक बहरानंतर शेंडे दोन-तीन पेरं खुडले की पुन्हा येतो. कळी जांभळट दिसली आणि तिला भोक असलं तर आत अळी आहे, ती कळी तोडून नष्ट कर. माझी गल्लत झाली त्या डिसेंबरात मोगरा छाटून झाला म्हणून तीच कात्री मी अनंतावर चालवली. अनंत कळ्या आधीच्या फांद्यांवर धरतो. त्याला छाटायचं ते फुलं संपल्यावर लगेच, दिवाळीनंतर हात लावायचा नाही.

धायरीवाली:
काकू, मला ‘तू’ म्हटलंत ते फार आवडलं. सासूबाई म्हणतात मोगऱ्याचा खड्डा त्या स्वतः खणून घेणार आहेत. एकच विचारते, माहेरच्या झाडाची फांदी आणून लावली तर येईल का?

मोगराकाकू:
येते. गणपतीत गेलीस की या वर्षीची फांदी बघ, बुडाशी नुकती टणक व्हायला लागलेली, पेन्सिलीपेक्षा बारीक, वीतभर. चार-पाच आण, एक तर मरतेच. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेव आणि गाडीत खिडकीजवळ उन्हात ठेवू नकोस. खालची पानं काढ, वरची दोन अर्धी काप, कोकोपीट आणि रेतीत लाव आणि वरून पारदर्शक पिशवी घाल. मुळं धरायला दीड-दोन महिने लागतात, तोवर उपटून बघायचं नाही. फूल यायला दोन वर्षं तरी धर.

निघण्याआधी पोत्याचं तोंड घट्ट बांध. ताम्हिणीतून येताना माझं एकदा डिकीभर सांडलं होतं.