झाडावर तासन् तास काम करायला कोणता हार्नेस घ्यावा?

हापूस_पावस
नमस्कार. रत्नागिरीजवळ पावसला आमची जुनी हापूसची बाग आहे. वडिलांनी लावलेली कलमं आता चाळीस फुटांच्या वर गेली आहेत. पाऊस ओसरला की फांद्यांची विरळणी आणि बांडगूळ काढायचं काम असतं. गडी मिळत नाहीत, त्यामुळे मी आणि चुलतभाऊच चढतो.

माझ्याकडे गिर्यारोहणाचा हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा सुरक्षा पट्टा) आहे. चढायला ठीक, पण अर्धा तास लटकून करवत चालवली की मांड्या बधिर होतात आणि पट्टा सरकत बरगड्यांखाली येतो. एकाने बांधकामावरचा फुल बॉडी हार्नेस दिला. त्याची कडी पाठीवर आहे, भार दिला की माणूस पुढे कलंडतो. काम कसं करायचं?

वजन ८२ किलो, पोट थोडं सुटलेलं. जास्त पॅडिंगवाला घ्यावा का? बसायला फळी असते तो बरा की नुसते मांडीचे पट्टे?

कडेकपारी
गिर्यारोहणाचा हार्नेस (युरोपीय मानक ईएन १२२७७) चढताना पडलात तर झेलण्यासाठी असतो. तो हलका असावा म्हणून पट्टे अरुंद ठेवतात. बांधकामावरचाही पडणं झेलण्यासाठीच, म्हणून कडी पाठीवर. दोन्ही आपापल्या जागी उत्तम आहेत, तुमचं काम वेगळं आहे.

एक कळकळीची विनंती. कमरेच्या बाजूला सामान अडकवायचे जे लूप असतात, त्यांना खोडाभोवतीचा दोर कधीही लावू नका. ते माणसाचा भार घ्यायला बनवलेले नसतात.

छाटणी_पुणे
दादा, पुण्यात सोसायट्यांमधली झाडं छाटायचं काम मी करते. रोज दोरावर असते, म्हणून सविस्तर लिहिते.

दुकानात सगळे आधी पॅडिंग दाबून बघतात. ते शेवटी बघा. आधी बघायचं ते भार कुठून येतो आणि अंग वळल्यावर त्याचं काय होतं. तुमच्या हार्नेसला पुढे मधोमध एकच लूप आहे. बांडगूळ फांदीच्या टोकाकडे असतं, तुम्ही आडवे होऊन हात लांबवता, पट्टा मात्र मधल्या लूपपाशी ओढलेला राहतो आणि सगळं वजन एका मांडीवर जातं. झाडकामाच्या हार्नेसला पुढे एक आखूड दोर डावीकडून उजवीकडे जोडलेला असतो, त्याला ब्रिज म्हणतात. त्यावर कडी सरकते. तुम्ही वळलात की कडी त्या बाजूला जाते आणि कमरेला पीळ बसत नाही. माझ्या मते निम्मा आराम या दोरात आहे. त्याची लांबी बदलता येते का, झिजल्यावर तेवढाच सुटा मिळतो का, हे विचाराच. पेट्झलचा सिक्वोया, ट्युफेलबर्गरचा ट्रीमोशन हे याच कामासाठी बनवलेले हार्नेस आहेत. किंमत पाच आकडी असते, हे आधीच सांगते.

दुसरं, कमरेच्या दोन्ही बाजूंना डी रिंग (डी आकाराच्या धातूच्या कड्या) हव्यात. खोडाभोवती फिरवलेला आखूड दोर, म्हणजे लॅनयार्ड, दोन्ही रिंगांत अडकवून मागे रेलायचं, म्हणजे दोन्ही हात मोकळे. लेबलवर ईएन ३५८ (कामाच्या जागी रेलून राहण्यासाठी) आणि ईएन ८१३ (बसून लटकण्यासाठी) असे दोन्ही आकडे शोधा. या बाजूच्या रिंगा पडणं झेलायला नसतात, म्हणून वरचा मुख्य दोर कायम लावलेला असावा. करवत किंवा चेनसॉ चालू असताना तर दोन ठिकाणी बांधलेलं असायलाच हवं. पात्याने एक दोर कापला गेला तरी दुसरा धरतो. लॅनयार्ड आत पोलादी तार असलेला घ्या. हाताच्या करवतीला तो बराच दाद देत नाही, चेनसॉला मात्र तोही पुरा पडत नाही.

फळीबद्दल. एकाच जागी खूप वेळ लटकायचं असेल तर फळी सुखाची, मांड्या दबत नाहीत. पण जुन्या आंब्याच्या दाट डेऱ्यात ती जागोजागी अडकते आणि फांदीवरून चालताना मध्ये येते. तुमच्या कामाला रुंद मांडीपट्टेच घ्या.

आणि दादा, पाय बधिर होणं नुसती गैरसोय समजू नका. पट्टा शिरा दाबतो, पाय हलत नाहीत, रक्त खालीच साचतं. त्या अवस्थेत माणूस बेशुद्ध होऊन लटकत राहिला तर काही मिनिटांत जिवावर बेततं. दोराला पाय ठेवायचा एक लूप लावून ठेवा, अधूनमधून त्यात उभं राहून मांड्या मोकळ्या करा. तुम्ही वर असताना भाऊ खाली हवा, आणि तुम्हाला खाली कसं उतरवायचं याचा सराव त्याने आधी केलेला हवा. हे मी माझ्या प्रत्येक माणसाला सांगते आणि करून घेते.

वाडीवाला_श्रीवर्धन
ताईंनी लिहिलंय ते सगळं पटलं. मी माड-पोफळीत आणि आंब्यावर दोन्हीकडे काम करतो. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे मोडून अडकलेल्या फांद्या उतरवायचं काम किती दिवस पुरलं. तेव्हा दिवसच्या दिवस पट्ट्यात काढले, त्यावरून सांगतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत जाड फोम घामाने भिजतो, वाळत नाही, आणि कमरेला पुरळ उठतं. आतून जाळीचं, हवा खेळणारं अस्तर बघा. पॅडिंग थोडं कमी चालेल, पट्टा रुंद आणि ताठ हवा.

बुटाला लोखंडी काटे लावून चढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. जिवंत झाडाच्या सालीला जखमा होतात. माडाची जखम तर भरतच नाही, आणि अशा जखमांत सोंड्या भुंगा अंडी घालतो.

हापूस_पावस
दोघांचे मनापासून आभार. ब्रिजचं आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. एक शंका: पोटामुळे पट्टा वर सरकतो, तर माप मोठं घ्यावं का? आणि सेकंडहँड मिळाला तर?

छाटणी_पुणे
मोठं घेऊ नका, उलट जास्त सरकेल. पट्टा कमरेच्या हाडांच्या लगेच वर बसवा आणि तिथेच घट्ट करा. पोटावर बांधला की तो वर चढणारच. मांडीपट्ट्यात सपाट तळवा जाईल इतकी जागा ठेवा. ते सैल असले की बसल्यावर भार कमरेवर येतो आणि पट्टा बरगड्यांकडे जातो. तुमचं दुखणं बहुधा यातलंच आहे. मांडीपट्टे आणि कमरपट्टा यांना जोडणाऱ्या पट्ट्यांची उंची बदलता येणारा हार्नेस निवडा.

विकत घेण्याआधी दुकानदाराला लटकून बघू द्यायला सांगा. पंधरा-वीस मिनिटं तरी. करवत, पिशवी, जे रोज लावता ते सगळं लावून, दोन्ही बाजूंना वळून, मागे रेलून, हात बुटापर्यंत नेऊन. दोन मिनिटांत सगळेच हार्नेस आरामदायी वाटतात. दुकानात टांगायची सोय नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याचा मागून बघा. मुंबई-पुण्यात झाडकाम करणारे पुष्कळ जण देतील, मीही देईन.

सेकंडहँड नको. कापडी पट्ट्याने ऊन किती खाल्लं, त्यावर पेट्रोल किंवा बॅटरीचं ॲसिड सांडलं का, हे बाहेरून दिसत नाही. पेट्झल आपल्या कापडी सामानाला उत्पादनापासून जास्तीत जास्त १० वर्षांचं आयुष्य देते, म्हणून नवा घेतानाही लेबलवरचं वर्ष वाचा. घामाचं मीठ साध्या साबणाच्या कोमट पाण्याने काढा आणि सावलीत वाळवा.

लटकून बघायला जाल तेव्हा बागेत घालता तीच जाड पँट घाला, माप त्यावरच घ्यायचंय.